निळ्या आकड्यातली तारली

मी रजेवरून परत आले तेव्हा माझा समुद्र बरा झालेला होता.

माझा म्हणजे संगणकातला. मत्स्यसंशोधन कार्यालयात मी समुद्राचं मॉडेल सांभाळते. आमच्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यात जे जे जगतं त्या प्रत्येकाला त्यात एक चौकट आहे. तरंगत्या शेवाळाला एक, कोळंबीला एक, मग तारली, म्हाकूळ, ट्यूना, पक्षी, डॉल्फिन. बोटींनाही एक, कारण बोटीही खातातच. कोण कोणाला किती खातं ते भरायचं, की मॉडेल हिशेब मांडतं. एखादा जीव जेवढा जन्मतो त्याहून जास्त खाल्ला जात असेल तर त्याची चौकट लाल होते. मी रजेवर गेले तेव्हा तारलीची चौकट लालभडक होती.

शेवटचे काही दिवस मी पोटावर एक हात ठेवून त्या चौकटीकडे बघत बसायचे. आत टिल्ली लाथा मारत असायची आणि समोर ती चौकट तशीच लाल. तारली म्हणजे सगळ्यांचं खाणं. तीच पुरत नाही म्हटल्यावर वरचे सगळेच उपाशी. हंगाम समितीला हे सांगायचं, तारली पकडण्याची मर्यादा खाली आणायची, असं अहवालात लिहून मी बाळंतपणाला गेले.

आता ती चौकट पांढरीशुभ्र.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कालपर्यंत तापाने फणफणलेलं मूल सकाळी उठून उड्या मारायला लागलं तर आई आधी त्याच्या कपाळाला हात लावते, तसं मी चौकट उघडून बघितली. समुद्रात तारली किती आहे तो आकडा चौपट झाला होता. आणि निळा होता.

निळा म्हणजे काय ते सांगते. माणसाने मोजून भरलेला आकडा आमच्याकडे काळा दिसतो. चौकट रिकामी सोडली तर संगणक स्वतः हिशेब करून भरतो, तो निळा. कसा भरतो? तर सगळ्या खाणाऱ्यांना विचारतो, बाबांनो, तुम्हाला किती लागतं? सगळ्यांच्या भुका एकत्र करतो आणि म्हणतो, अर्थात एवढं तर असणारच. ही काही लबाडी नाही. चिखलातले किडे मोजायला कोण जाणार? तिथे आम्ही सगळेच चौकट रिकामी सोडतो. पण तारली मोजलेली होती. तो काळा आकडा मी माझ्या हाताने भरला होता.

मोजली होती ताईंनी. ताईंना सगळं कार्यालय माघारी ‘पोटवाली’ म्हणतं, कारण त्या माशांची पोटं फाडून कोणी काय खाल्लं ते बघतात. वयाने माझ्या आईएवढ्या. गेल्या वर्षी सर्वेक्षणाच्या बोटीवर त्या महिनाभर ओकत होत्या आणि ओकता ओकता यंत्राने तारलीचे थवे मोजत होत्या.

त्यांची खोली म्हणजे तळमजल्यावरचं नमुन्यांचं भांडार. बरण्यांची मांडणी, एक लोखंडी टेबल आणि एक जुना फ्रीज. फ्रीजवर त्यांच्या अक्षरात चिकटवलेलं, ‘पोटं आहेत, हात लावू नये’. दूध काढायला कार्यालयात दुसरी जागा नव्हती. कडी लागणारं दार फक्त त्यांचं.

“ये गं,” त्या म्हणाल्या. “बाटली वरच्या कप्प्यात ठेव. खाली ट्यूना आहे.”

“ताई, वास लागेल ना दुधाला?”

“कोळ्याची पोरं काय अत्तर पिऊन मोठी होतात? ठेव गुपचूप.”

मी पंप लावून बसले. पाठ भिंतीकडे, तोंड बरण्यांकडे. पंपाची घरघर सुरू झाली आणि मी म्हणाले, “ताई, तुमचा तारलीचा आकडा काढून टाकलाय.”

त्यांची कात्री थांबली. “कोणी?”

“माहीत नाही. आता तिथे निळा आहे. चौपट.”

“चौपट,” त्या म्हणाल्या आणि टेबलावरच्या ट्यूनाकडे बघितलं. “याला सांगितलंस का? हा बिचारा उगाच रिकाम्या पोटी मेला की.” त्यांनी पोट उघडून मला दाखवलं. म्हाकुळाच्या दोन काळ्या चोची आणि पाणी. “हे बघ. अंगाला हात लाव याच्या. नुसते काटे आणि कातडं. यंदा सगळे असेच येतायत. तारली एवढी चौपट झालीय तर हे काय उपास करतायत?”

पंपाची बाटली अर्धीही भरली नाही. पूर्वी भरायची.

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही ‘बसवून-टाका साहेब’ म्हणतो. कुठलीही अडचण नेली की ते म्हणतात, बसवून टाका. खर्च बसत नाही, बसवून टाका. तारखा जुळत नाहीत, बसवून टाका. स्वभावाने वाईट नाहीत. टिल्ली झाली तेव्हा कार्यालयात त्यांनीच मिठाई वाटली होती.

“या या, मातोश्री,” ते म्हणाले. “बाळ काय म्हणतंय? झोपू देतं का?”

“सर, तारलीचा आकडा कोणी काढला?”

“मीच.” अगदी सहज. “अहो, तुम्ही गेलात आणि इकडे ते लाल. दर वेळी उघडलं की लाल. लाल मॉडेल समितीपुढे कसं ठेवणार? मग त्या प्रशिक्षणात शिकवलं होतं ना, चौकट रिकामी सोडली की संगणक काढतो? सोडली रिकामी. बसलं की एका झटक्यात.”

“सर, ते न मोजलेल्या जिवांसाठी असतं. तारली मोजलेली आहे.”

“मोजण्यात चूक होऊ शकते. बाई महिनाभर बोट लागून आडव्या होत्या, हे तुम्हीच सांगितलंत.” ते हसले. मग पुढे वाकून, शिकवणीच्या मुलीला समजावतात तसं म्हणाले, “साधा विचार करा. ट्यूना आहेत की नाहीत? आहेत. पक्षी आहेत? आहेत. डॉल्फिन आहेत? आहेत. हे सगळे जगतायत म्हणजे त्यांना पुरेसं खाणं मिळतंय. नाहीतर जगले असते का? मग तेवढी तारली समुद्रात असणारच ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरी मला उत्तर देता येईना. कुठेतरी चुकतंय हे कळत होतं, नेमकं कुठे ते शब्दांत सापडत नव्हतं.

“गुरुवारी समिती आहे,” साहेब म्हणाले. “मासळीच्या भुकटीच्या कारखान्याला यंदा जास्तीची परवानगी हवीय, कोंबड्यांच्या खाद्यासाठी. आपला नवा आकडा आहे म्हटल्यावर हरकत नाही. मांडणी तुम्ही करायची. अहवालावर पहिलं नाव तुमचंच ठेवलंय. मॉडेल तुमचं आहे, श्रेय तुम्हालाच.”

म्हणजे यंदाची तारली कोंबड्यांच्या खाद्यात जाणार आणि ती जाऊ द्या असं सांगणारं पहिलं नाव माझं. मी लाल सोडून गेलेल्या चौकटीखाली.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा टिल्लीचा आवाज जिन्यातच ऐकू आला. सासूबाई तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. हात धुवून मी तिला घेतलं. ती तुटून पडली. इवलासा पंजा माझ्या मानेखाली रुतवून, डोळे मिटून ती ओढत राहिली, मग सोडून रडली, मग पुन्हा ओढायला लागली. तिच्या टाळूवर घाम आला होता. मी त्यावर फुंकर घालत बसले.

“कमी झालंय दूध,” मी म्हणाले.

“ओढू दे तिला,” सासूबाई म्हणाल्या. “बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध उतरतं. आम्हाला नाही का उतरलं?”

“आई, दिवसभर मी तिथे, ती इथे. कोण ओढणार?”

“तुझं ते यंत्र आहे की.”

“यंत्राला लळा नाही लागत,” नवरा कणीक मळता मळता स्वयंपाकघरातून म्हणाला. “मला विचारा. मीही दिवसभर यंत्रांपुढेच असतो, कधी डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.”

सासूबाई हसल्या. मीही हसले. टिल्ली मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. मी तिच्या मांडीवरून हात फिरवला. रजेच्या शेवटी तिथे गुबगुबीत वळ्या होत्या. आता एक वळी नाहीशी झाली होती. परवा दवाखान्यात वजन केलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वाढलेलं नाही, वरचं दूध सुरू करा. मूल हसत होतं, खेळत होतं, बघणाऱ्याने म्हटलं असतं, किती छान आहे. जगतच होती की ती. पण पुरत नव्हतं, आणि ते कुणाला कळलं? जिने वजन केलं तिला. आणि माझ्या तळहाताला.

मी टिल्लीच्या मांडीवर हात ठेवून तशीच बसून राहिले. मला साहेबांचं उत्तर सापडलं होतं.

बाळ ओढेल तेवढं दूध आईला उतरतं, हे खरं असेलही, निदान काही दिवस, आईला खायला प्यायला असेल तोवर. पण साहेबांनी अख्ख्या समुद्राला आई करून टाकलं होतं. तुम्ही ओढा, तो उतरवेल. जेवढं ओढाल तेवढं.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं. “एकटीच काय पुटपुटतेयस?”

“काही नाही. गुरुवारी मी जरा भांडणार आहे.”

“बरं. डबा जास्त भरू का?”

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा. मधोमध अध्यक्षबाई, निवृत्त अधिकारी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्यांच्या उजवीकडे भुकटी कारखान्याचे व्यवस्थापक. बाकी टेबलाभोवती ज्यांना साहेबांनी आधीच चहा पाजला होता अशा माना. ताई अगदी कडेला, मांडीवर एक झाकण लावलेला डबा घेऊन बसल्या होत्या.

साहेबांनी माझी ओळख करून दिली. “नुकत्याच आई झाल्यात, तरी आपल्यासाठी धावत आल्या.” माना प्रेमाने हलल्या.

मी तयार केलेली चित्रं दाखवलीच नाहीत. सरळ मॉडेल उघडलं. सगळ्या चौकटी पडद्यावर पांढऱ्या.

“हे आमचं मॉडेल,” मी म्हणाले. “याच्या म्हणण्याप्रमाणे तारली भरपूर आहे. आता मी डॉल्फिन दुप्पट करते.” आकडा बदलला. एकही चौकट लाल झाली नाही. “तारलीचा आकडा बघा.”

“वाढला,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“हो. आता पक्षी दुप्पट करते.”

पुन्हा वाढला. साहेबांनी घसा खाकरला. “मॅडम, हे कशासाठी? आपण मुद्द्यावर...”

“आलेच मुद्द्यावर, सर. आता बोटी. बोटींची पकड तिप्पट करते.” मी आकडा भरला. तारलीचा निळा आकडा टुणकन वर गेला. सगळं पांढरं. कुठे लालीचा ठिपका नाही.

मग कारखान्याचे व्यवस्थापक पुढे सरकले. “म्हणजे तिप्पट पकडलं तरी चालण्यासारखं आहे?”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “अहो, हे म्हणतंय की जितकं जास्त पकडाल तितके मासे वाढतील.”

“मी नाही म्हणत, मॅडम. मॉडेल म्हणतंय,” व्यवस्थापक म्हणाले.

“मॉडेलला तसं म्हणायला लावलंय,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. “तारलीची मोजलेली संख्या काढून चौकट रिकामी सोडली आहे. रिकामी सोडली की संगणक समुद्राला काही विचारत नाही, फक्त खाणाऱ्यांची भूक मोजतो आणि तेवढी तारली कागदावर पैदा करतो. तुम्ही खाणारे आणखी वाढवा, तो तारली आणखी वाढवेल. या आकड्याच्या जोरावर आज तुम्ही परवानगी द्यायची आहे. ही तारली समुद्रात नाही. ती फक्त या खोलीत आहे.”

“असं भावनेच्या भरात...” साहेब म्हणाले.

“मोजलेली संख्या घाला,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

मी ताईंचा आकडा भरला. तारली लाल झाली. तिच्या मागोमाग ट्यूनाच्या चौकटीतली वाढीची रेषाही खाली वळली.

“बघा, बिघडलं,” साहेब म्हणाले. “म्हणूनच मी...”

“बिघडलेलं नाही, सर. जन्मतात त्यापेक्षा जास्त खाल्ल्या जातायत, एवढंच ते सांगतंय. ते सांगायलाच तर त्याला लाल रंग दिलाय. तुम्ही मला विचारलं होतं, ट्यूना जगतायत म्हणजे त्यांना पुरत असणारच ना? जगणं आणि पुरणं एक नसतं. घरी माझी मुलगी जगतेय, हसतेय, आणि तिचं वजन वाढत नाहीये.” हे वाक्य मी ठरवून ठेवलेलं नव्हतं. ते आलं, आणि त्याच क्षणी मला जाणवलं की कुर्ता पुढून ओला होतोय. टिल्लीचं नाव काढलं की होतं तसं. कमी झालेलं दूधही वेळ बघून येतं. मी फाइल छातीशी धरली आणि उभीच राहिले.

ताईंनी मांडीवरचा डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं. वास सगळ्यांत आधी व्यवस्थापकांपर्यंत पोचला.

“ट्यूनाचं पोट,” त्या म्हणाल्या. “घाबरू नका, चावत नाही. यंदाची सगळी अशीच, रिकामी. मी बोटीवर ओकत होते हे खरं आहे. पण मोजत होतं ते यंत्र. त्याला उलटी होत नाही.”

कोणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षबाईंनी डब्याकडे, मग पडद्याकडे बघितलं. “झाकण लावा, बाई. दिसलं.” त्या लिहून घेणाऱ्याकडे वळल्या. “यंदाची मर्यादा मोजलेल्या संख्येवरून. जास्तीची परवानगी नाही.”

व्यवस्थापकांनी पाण्याची बाटली न उघडताच बॅग उचलली.

खाली भांडारात ताईंनी मला त्यांचा पांढरा कोट दिला. “घाल. माशांचे डाग आहेत, दुधाचे कोण बघतंय.” मी पंप लावला आणि मला हुंदका आला, कशाचा कोण जाणे. ताई पाठमोऱ्या होऊन बरण्या पुसत राहिल्या. पुसलेल्याच बरण्या पुन्हा पुसल्या त्यांनी.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडून बैठकीच्या इतिवृत्ताचा मसुदा आला. त्यांनी आणि मी मान्य केला की तो पुढे जाणार होता. निर्णय नीट लिहिला होता. त्याखाली, कारण म्हणून, एक वाक्य होतं, ‘मॉडेल सांभाळणाऱ्या अधिकारी प्रसूती रजेवर असल्याने तारलीच्या आकड्यात त्रुटी राहून गेली.’

मी ते तीनदा वाचलं आणि साहेबांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही.

“सर, हे काय आहे?”

“काय?” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “अहो, उगाच कोणाचं नाव नको म्हणून मोघम लिहिलंय.”

“मोघम? यात एकच माणूस ओळखू येतो, आणि ती मी आहे.”

“वाक्यात खोटं काय आहे सांगा. तुम्ही रजेवर होतात ना? होतात. त्रुटी राहिली ना? राहिली.”

“राहिली नाही, सर. केली गेली. मी गेले तेव्हा आकडा बरोबर होता.”

“मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमचं म्हणणं समितीने ऐकलं, मासे वाचले, आणखी काय हवं? एक वाक्य आहे. बसवून टाका.”

मासे वाचले, एका हंगामापुरते. आणि पुढे कधी कोणी हे इतिवृत्त उघडलं तर त्याला काय दिसणार होतं? एक बाई बाळंतीण झाली म्हणून समुद्राचा हिशेब चुकला. उद्या दुसरी एखादी मुलगी या खुर्चीसाठी अर्ज करेल तेव्हा कोणीतरी सहज म्हणेल, बघा हं, मागे एकदा काय झालं होतं. टिल्लीच्या नावाने हे लिहिलं जात होतं. आपल्या आईच्या कुशीत असण्यापलीकडे तिने काहीही केलेलं नव्हतं.

“हे वाक्य मी मान्य करणार नाही,” मी म्हणाले.

साहेबांनी सुस्कारा सोडला. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग समजूतदार चेहरा करून म्हणाले, “ठीक आहे. वाद नको. मग कारणाची जागा रिकामी सोडू. ठीक?”

मला हसू आलं. खरंच आलं. साहेबांना ते तडजोडीचं वाटलं असावं, कारण तेही हसले.

“नको, सर,” मी म्हणाले. “रिकाम्या जागेचं काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय.”

मी माझ्या टेबलाशी आले. मसुदा उघडला, ते वाक्य पुसलं आणि त्या जागी लिहिलं, ‘सर्वेक्षणात मोजलेला आकडा मॉडेलमध्ये भरलेला होता. विभागप्रमुखांनी तो काढून चौकट रिकामी सोडली, त्यामुळे संगणकाने समुद्रात नसलेली तारली दाखवली.’ खाली माझं नाव टाकलं. पहिलं. त्यांनी मला दिलं होतं तसंच. आणि साहेबांना पाठवलं त्याच पत्रात अध्यक्षबाईंनाही पाठवलं.

थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीतून साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं माझ्या टेबलाच्या दिशेने निघाली.

मी उठले नाही. पडद्यावरची माझी दोन वाक्यं पुन्हा वाचली. दोन्ही काळी होती. मग खाली जाऊन पोटांच्या फ्रीजमधली टिल्लीची बाटली आणायची आहे हे आठवलं. पण ते नंतर. आधी साहेबांना येऊ दे.